अनसाच्या काट्या आणि जुन्या लाइनीवरची सायकल

सगळ्यांच्या आधी कोण हजर झालं, सांगू? दत्ता. ज्या दत्तानं सहा वर्षांत माझ्या बहिणीच्या ओट्यावर पाय ठेवला नव्हता, तो शनिवारी सकाळी चहाच्याही आधी दारात उभा. खांद्यावर कुऱ्हाड, हातात कोयता आणि तोंडात साखर. "रामराम मावशी, कवा आलात?" मी तर खूश झाले. म्हणलं बघा, पाहुणे येणार म्हणल्यावर भावकी कशी गोळा होते. माझी बहीण अनसा मात्र चुलीपुढून उठली नाही. तिनं पदर पुढं ओढला आणि माझ्याकडं एकदा बघितलं. त्या बघण्याचा अर्थ मला सोमवारी कळला.

पण सोमवार लांब आहे. आधी निघालो कसं आणि कशाला, ते सांगते. नाहीतर माझी सून म्हणते, "आई, तुमची गाडी स्टेशन सोडून रानात शिरते."

सून म्हणजे वैशाली. हा ब्लॉग तिचाच आहे, वाचणाऱ्यांना माहीतच आहे. लेणी, किल्ले, हेमाडपंती देवळं असं काय काय बघून ती लिहिते. ह्या वेळी म्हणली, प्रवास तुमच्यामुळं झाला, तर तुम्हीच लिहा. मी तिसरीपर्यंत शिकले, तेही अर्धं वर्ष कापूस वेचण्यात गेलं. मी वहीत लिहिलं, तिनं कॉम्प्युटरवर चढवलं. ऱ्हस्व-दीर्घ तिचं, बाकीचं माझं. चुका पण माझ्याच, शुद्धलेखनाच्या सोडून.

तर झालं असं. दिवाळीनंतर वैशालीच्या माहेरचं लग्न होतं जालन्यात. त्याला तिचा मामेभाऊ अभिजित पुण्याहून आला होता. कंपनीत मोठ्या पगारावर आहे, पण फिरतो सायकलवर. गरिबाला सायकल सुटत नाही आणि श्रीमंताला सोडवत नाही, अशी सध्याची तऱ्हा. जेवताना माझी नेहमीची टकळी चालू होती. मी त्याला सांगत होते की माझी धाकटी बहीण परतूरच्या अलीकडं निंबखेड्यात दिली आहे, एक्याऐंशी साली लग्न झालं, वऱ्हाड छोट्या लाइनीच्या गाडीनं गेलं होतं, गाडी इतकी हळू की नवरदेवाच्या मामानं उतरून लघवी करून परत डबा पकडला. सगळे हसले. अभिजितचा घास मात्र हातातच राहिला.

"आजी, ती छोटी लाइन आता कुठं आहे?"

"कुठं जाणार? रानात पडली आहे."

मग मी त्याला सगळं सांगितलं. निंबखेड्यापाशी छोटी लाइन नाल्याला वळसा घालून जायची. मोठी लाइन आली, त्याला पंधरा वर्षं झाली, तेव्हा वळण काढून टाकलं आणि रूळ सरळ नेले. जुन्या वळणाचे रूळ उचलले, लाकडं उचलली. भराव, खडी आणि नाल्यावरची तीन कमानींची दगडी मोरी तिथंच राहिली. तीनेक किलोमीटरची वाट. गाडी नाही, घोडा नाही. दोन्ही बाजूंना सीताफळं, खाली काळं रान.

अभिजित म्हणाला, बाहेरच्या देशांत अशा बंद पडलेल्या लाइनींवर चालायच्या आणि सायकलच्या वाटा करतात. माणसं पैसे मोडून फिरायला येतात. आपल्याकडं कुणाला सुचत नाही. "आजी, मला ती जागा दाखवा. आपण तिथं ट्रेल करू." ट्रेल म्हणजे वाट. हे मी वैशालीला मागून विचारून घेतलं.

मला का आनंद झाला ते ऐका, कारण पुढचं सगळं त्याच्यावर आहे. अनसाचं तीन एकर रान त्या जुन्या लाइनीच्या पलीकडं आहे. तिथं जायला दोनच वाटा. एक दत्ताच्या शेतातून आणि दुसरी लाइनीवरून. दत्ता तिच्या दिराचा मुलगा. वाटण्या झाल्या त्या साली त्यानं आपल्या शेतातली वाट नांगरली आणि म्हणाला, "काकू, इतकी पायपीट कामून करता? रान मला बटईनं द्या, घरबसल्या धान्य खा." अनसानं नाही म्हणलं. तेव्हापासून ती लाइनीवरून जाते. डोक्यावर पाटी आणि पुढं दोन शेळ्या. पावसाळ्यात आमच्याकडचं काळं रान गुडघ्याएवढं धरतं, बैल रुततो तिथं बाई काय चालणार? पण लाइनीवर खडी आहे, पाय कोरडा राहतो. लाइन आहे तोवर अनसाचं रान अनसाचं. लाइन गेली की रान बटईनं दत्ताकडं. इतका सरळ हिशोब.

ती जागा नक्की कुणाची, हे विचारत अनसा दोन कचेऱ्या फिरली. ह्यानं तिकडं बोट दाखवलं, त्यानं इकडं. मग मला वाटलं, पुण्याचे शिकलेले लोक तिथं पक्की वाट करणार असतील तर ह्याच्याहून चांगलं काय? वाट पाहुण्यांची आणि पाय माझ्या बहिणीचे. मी अभिजितला तिथल्या तिथं म्हणलं, "संक्रांत झाली की या. हुरडा पण असेल."

शुक्रवारी मी आणि वैशाली निघालो. जालन्याहून पॅसेंजर पकडली. जायचं असेल तर पॅसेंजरच पकडा, एक्सप्रेस रांजणीला थांबत नाही. गाडीत पेरू घ्या, मीठ-तिखट लावून देतात, पण आतून बघून घ्या, माझ्या पेरूत एक प्रवासी आधीच बसलेला होता. रांजणीला उतरून फाट्यावर यायचं. तिथून निंबखेड्याला काळी-पिवळी जीप मिळते, माणशी सहा रुपये, पण पंधरा माणसं भरल्याशिवाय हलत नाही. आमच्या वेळी अकरा माणसं आणि एक बोकड झाल्यावर हलली. बोकडाचं भाडं घेतलं की नाही ते कळलं नाही.

जीप भरेपर्यंत फाट्यावर रशीदभाईच्या पंक्चरच्या दुकानात बाकड्यावर बसलो. रशीदभाई मला अनसाच्या लग्नापासून ओळखतात. त्यांना सांगितलं, रविवारी पुण्याचे लोक सायकली घेऊन येणार, जुन्या लाइनीवर चालवणार.

"वो पुरानी पटरी पे?" ते हसले. "अम्मा, मेरी तो ईद हो गई. एक बाभळ, दस पंक्चर. उनकू फोन करके बोलो, ट्यूबां ज्यादा लाओ. दो-दो, तीन-तीन. बाकी कुछ नको."

बाकी कुछ नको. इतकं साधं सांगितलं होतं माणसानं. मी ऐकलं काय? तर बाभळीचे काटे. ट्यूबचं ऐकलंच नाही.

निंबखेड्यात पोचलो तेव्हा ऊन उतरलं होतं. अनसानं सोल्यांची आमटी केली होती, तुरीचे ओले दाणे भाजून, वाटून. बरोबर ज्वारीच्या गरम भाकरी. वैशालीनं तीन खाल्ल्या. घरी दीडच्या पुढं जात नाही. जेवणाआधी उजेड होता म्हणून अनसा आम्हाला लाइन दाखवायला घेऊन गेली.

गावाकडून लाइनीवर चढायच्या तोंडाला बाभळीच्या काट्यांचा हा ढीग! पुरुषभर उंच. खाली खडीचे दगड दाबून बसवलेला. मध्ये एक वाकडी फट, आडवं होऊन गेलं तर माणूस जातो, शेळी जाते. पलीकडच्या तोंडाला तसाच दुसरा ढीग. आणि उतारांवर वेडी बाभूळ माजलेली.

"हे काय गं करून ठेवलंस?" मी म्हणलं. "पाहुणे ह्याच्यातून येणार?"

"आडवे व्हऊन येतील. मी न्हाई का येत?"

"सायकल आडवी होती का? आणि पंक्चर?"

"अक्का, काट्या राहू दे." अनसा थांबून बोलली. ती बोलायला लागली की आधी थांबते, मी नाही थांबत, हाच आम्हा बहिणींतला फरक. "ह्या मी दरसाल दिवाळी झाली की टाकते. काट्या हायेत म्हणून वाट हाय. काट्या नसत्या तर पह्यल्याच साली ट्रॅक्टर चढला असता. रस्त्याच्या कामाला मुरूम लागतो, खडी लागते. ही सगळी फुकटची पडली हाय, दत्ताला दिसत न्हाई का?"

मी काय म्हणलं असेल? मी थोरली, ती शेंडेफळ. तिचं नाक मी पुसलेलं. म्हणलं, "अगं, आता पक्की वाटच होणार आहे. मोठी माणसं येऊन राह्यली. त्यांना पहिल्या दिवशी काट्यातून न्यायचं? आपली काही रीत आहे का नाही? पाहुणा येणार म्हणलं की आपण दारात सडा-रांगोळी टाकतो, आणि तू काटे टाकून ठेवतेस?"

ती गप्प झाली. रीत म्हणल्यावर आमच्याकडची बाई गप्पच होते. मला ते माहीत होतं, म्हणून तर तो शब्द काढला.

शनिवारी सकाळी दत्ता आला, तो असा. मी गावात दोन बायांना सांगितलं होतं, त्यांनी पंधरा जणांना सांगितलं. सगळ्यात जास्त काम दत्तानं केलं, ते नाकारून चालणार नाही. कुऱ्हाडीनं खोडं तोडली, दाताळ्यानं काट्या ओढल्या, उतारावरचे दगड बाजूला केले. दुपारपर्यंत दोन्ही तोंडं मोकळी. लाइन अशी दिसायला लागली जशी मी लग्नात बघितली होती. सरळ जाऊन मग नाल्याकडं वळणारी. मला रडू आलं, खोटं कशाला सांगू. अनसाचे मालक गोविंदराव त्या लाइनीवर गँगमन होते. रोज सकाळी हातोडा घेऊन रुळांच्या चाव्या ठोकत मोरीपर्यंत जायचे आणि परत यायचे. लाइन गेल्यावर त्यांना मोठ्या लाइनीवर घेतलं, तरी सुट्टीच्या दिवशी जुन्या वाटेनं एक चक्कर मारायचेच. ते जाऊन आता नऊ वर्षं झाली.

"काट्यांचं काय करायचं?" कुणीतरी विचारलं.

अनसा म्हणाली, "तिथंच बाजूला ठेवा. रविवार झाला की परत लावते."

दत्ता म्हणाला, "काकू, वाळल्या बाभळीसारखा जाळ न्हाई. उद्या पाहुण्यांना ह्याच्यावरच हुरडा भाजू. काय मावशी?"

मावशी म्हणाली, "बराबर." मावशी म्हणजे मी.

रविवारी नऊ वाजता जीपच्या टपावर दोन सायकली बांधून अभिजित आला, बरोबर केतकी नावाची मैत्रीण. चांगली मुलगी, हसरी, सगळ्यांच्या पाया पडली, शेळीच्या पिलाला कडेवर घेतलं. सायकली इतक्या हलक्या की मी एका हातानं उचलली. टायर मात्र बैलगाडीसारखे जाड. दत्तानं ट्रॅक्टर-ट्रॉली लाइनीच्या तोंडाशी आणून लावली होती. पाण्याचा ड्रम, सतरंज्या, गोवऱ्या आणि हुरड्याची कणसं सगळं त्यात. काट्या जिथं होत्या तिथून ट्रॅक्टर घरघरत वर चढला आणि मोरीपर्यंत गेला. केतकी म्हणाली, "किती मदत करतात गावातले लोक!" अनसा चाकांच्या खुणांकडं बघत होती.

आणि मग जे झालं ते मी लपवणार नाही. मला फार मजा आली. अभिजितनं कुणाचीतरी कॅरियरवाली सायकल मागून घेतली आणि म्हणाला, "बसा आजी." मी नऊवारी आवरून बसले, सगळं गाव बघत होतं. सुरुवातीला खडीवर हाडं खुळखुळली, मग पुढं माती लागली आणि सायकल अशी पळाली! खाली दोन्हीकडं ज्वारी, तुरी, मध्येच हरभरा, आणि आपण वर, माणसाच्या डोक्याच्या वर, वाऱ्यात. सीताफळाच्या वाळल्या पानांचा चुरचुर आवाज. लांबून मोठ्या लाइनीवरून एक्सप्रेस गेली, ती पण मला मागं पडल्यासारखी वाटली. वैशाली मागून ओरडत होती, "आई, धरून बसा!" मी ओरडले, "जल्दी, अभिजित, जल्दी!" एकही पंक्चर झालं नाही.

मोरीजवळ सतरंजी टाकली. काट्यांचा जाळ केला, निखारे पडल्यावर कणसं लावली. हुरडा कसा खायचा ते शहरातल्या माणसाला शिकवावं लागतं. गरम कणीस तळहातावर चोळायचं, फुंकर मारून तूस उडवायचं, मग दाणे तोंडात, वरून लसणाची चटणी, गूळ, दही. केतकीनं हात भाजून घेतला तरी थांबली नाही. म्हणाली, "असा हुरडा पुण्यात मिळतच नाही." कसा मिळेल? अनसाच्या कुंपणावर भाजलेला होता.

त्या दोघांनी मोरीचे खूप फोटो काढले. कमानीखालून, वरून, शेळ्यांसकट, माझ्यासकट. अभिजित हात हलवून सांगत होता, इथं पाटी येईल, इथं बसायला दगडी बाक, जुन्या लाइनीची माहिती, गावात चहा-नाश्ता, मुक्कामाची सोय. गावातले माना डोलवत होते. दत्ता सगळ्यात जास्त. अनसानं सगळं ऐकून घेतलं आणि एकच विचारलं.

"पावसाळ्याच्या आधी व्हईल का?"

"काकू, आधी प्रस्ताव करावा लागेल. मग सर्व्हे. जागा कुणाची ते बघावं लागेल."

"ते मी धा वर्षं बघून राह्यले. तुम्ही परत कवा येणार, ते सांगा."

"येणार ना, नक्की येणार. ह्यातली माहिती असलेले एक सर आहेत, त्यांना घेऊनच येतो."

"कवा?"

अभिजितनं मोबाइल काढून बघितला. केतकीशी इंग्रजीत बोलला. मग दिवस सांगितला. अनसानं वैशालीला घरी गेल्यावर भिंतीवरच्या कॅलेंडरमध्ये त्या दिवसाला गोल करायला लावला. ते दोघं चार वाजता जीपनं गेले. जाताना केतकीनं अनसाला मिठी मारली. अनसाचे हात खालीच राहिले, तिला सवय नाही.

सोमवारी सकाळी आम्ही चहा घेत होतो तेव्हा आवाज आला. अनसानं कप खाली ठेवला आणि पायात चप्पल न घालता निघाली. मी मागून, वैशाली माझ्या मागून. लाइनीच्या तोंडाला, जिथं शुक्रवारी पुरुषभर काट्या होत्या, तिथं दत्ताचा ट्रॅक्टर वर चढून उभा होता. चार माणसं फावडं-घमेलं घेऊन भरावाची कड तोडत होती. मुरूम असा लालसर, वाळलेला, एका फटक्यात ढासळत होता. ट्रॉली निम्मी भरली होती.

"दत्ता, हे काय?" मी ओरडले.

"काय म्हंजे? मुरूम भरून राह्यलो, मावशी. रस्त्याच्या कामावर पाह्यजे."

"अरे, इथं वाट होणार आहे! काल तू मान हलवत होतास!"

"व्हईल तवा व्हईल. मी कुठं आडवा आलो? मी तर तोंडं साफ करू लागलो. तुम्हीच म्हणलात ना काट्या काढा म्हणून?" त्याचा आवाज बिलकुल चढला नव्हता. "आता ट्रॅक्टर वर गेला, पंचवीस माणसांनी बघितला. वहिवाट पडली. आता कोणी नको म्हणू शकत न्हाई."

"माझी वाट तोडून राह्यला तू," अनसा म्हणाली.

"काकू, माझ्या बांधावरून जा ना. मी कवा न्हाई म्हणलं? नायतर रान मला द्या. तुमच्या जिवाला तेवढाच आराम."

ती खाली वाकली. मला वाटलं दगड उचलते. तिनं काट्या शोधल्या. उतारावर दोन-चार फांद्या राहिल्या होत्या, त्या ओढून ट्रॅक्टरच्या पुढं टाकायला लागली. हाताला रक्त आलं. चार फांद्यांनी ट्रॅक्टर थांबतो का? बाकीच्या सगळ्या तर रविवारी आपण निखारे करून खाल्ल्या होत्या. सरपंच परतूरला गेलेले, संध्याकाळी आले आणि म्हणाले, जागा आपल्या हद्दीत आहे का नाही, ते आधी बघावं लागेल.

वैशालीनं अभिजितला फोन लावला आणि मला दिला. सगळं सांगितलं.

"बाप रे," तो म्हणाला. "आजी, हे फार वाईट झालं. त्यांना थांबायला सांगा."

"सांगितलं रे. थांबत नाही."

"मग फोटो काढून ठेवा. जेवढे निघतील तेवढे. आणि आम्ही येतोच आहोत ना."

त्याच्यावर रागवायचं म्हणलं तरी काय रागवू? वाईट मुलगा नाही. पण त्याच्या सायकलचं टायर वाचावं म्हणून मी माझ्या बहिणीची वाट मोकळी करून दिली, हे त्याला कळलंच नाही आणि मला सांगता आलं नाही.

मंगळवारी निघताना मी अनसाला म्हणलं, "चुकले गं मी." तिनं माझ्या पिशवीत तुरीच्या शेंगा भरल्या, हुरड्याची उरलेली कणसं भरली. मग म्हणाली, "अक्का, तू माझं कवा ऐकलं?" इतकंच. शिवी दिली असती तर बरं वाटलं असतं. फाट्यावर रशीदभाईनं हात केला, "अम्मा, कितने पंक्चर हुए?" मी म्हणलं, एकही नाही. ते म्हणाले, "कमाल है." मी जीपमधून खाली बघत राहिले.

घरी येऊन वीस दिवस झाले. अनसाकडं फोन नाही, शेजारणीच्या फोनवरून ती दर रविवारी बोलते. पहिल्या आठवड्यात गावाकडचा भराव गेला. दुसऱ्या आठवड्यात पलीकडचा. आता म्हणे नाल्यात मोरी एकटी उभी आहे, दोन्ही बाजूंना काही नाही, जेवणाचं ताट काढून घेतल्यावर पाट राहतो तशी. शेळ्या खालून जातात. अनसा सध्या नाल्यातून उतरून रानात जाते, हरभरा काढायला आलाय. उन्हाळ्यात जमेल. मिरग लागला, पाणी आलं, की तो नाला कसा असतो ते मला माहीत आहे. दत्ता आठवड्यातून एकदा ओट्यावर येऊन बसतो. चहा मागतो, बटईचं विचारतो. अनसानं अजून हो म्हणलं नाही. "अजून" हा शब्द तिचाच.

वैशाली म्हणते ब्लॉगच्या शेवटी वाचणाऱ्यांना उपयोगी असं सांगायचं असतं. तर सांगते. निंबखेड्याला जायचं तर जालन्याहून पॅसेंजर, रांजणी फाट्यावरून जीप. हुरड्यासाठी संक्रांतीनंतरचे पंधरा दिवस. ऊन लागतं, टोपी न्या. अशी एखादी जुनी लाइन तुम्हाला कुठं दिसली, तिच्या तोंडाला काटे दिसले, तर ते कुणी टाकलेत ते आधी विचारा आणि आडवे होऊन जा. सायकल खांद्यावर घ्या. ट्यूब जास्त न्या, दोन-दोन, तीन-तीन. पंक्चर काढायला रशीदभाई आहेत.

माझ्याकडं काय राहिलं? वैशालीनं एक फोटो मोठा करून भिंतीवर लावलाय. मी कॅरियरवर, पदर उडालेला, तोंड उघडं, सगळे दात, म्हणजे जे आहेत ते, दिसताहेत. येणारा जाणारा म्हणतो, आजी किती खूश आहेत! होतेच. खोटा नाही तो फोटो. माझ्या मागं लाइन दिसते, सरळ जाऊन वळणारी, आणि कडेला अनसा उभी आहे. ती माझ्याकडं बघत नाहीये, खाली चाकांच्या खुणांकडं बघते आहे. मी रोज सकाळी चहा घेताना तो फोटो बघते. काढून टाक म्हणवत नाही.

काल अनसानं फोनवर विचारलं, "अक्का, ते लोक येणार हायेत ना? कॅलेंडरात गोल केलेला हाय." मी म्हणलं, येतील. तिनं विचारलं, "त्यांना चढवायचं कुठून?" मग तीच म्हणाली, "शिडी मागून ठेवते."

रंगपंचमीनंतरचा पहिला रविवार. सकाळी नऊला येतो, असं सांगून गेलेत.